ईसीएमच्या मेमरीचा कोड: निदान कसं करायचं, दुरुस्ती कुठपर्यंत करायची

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. चेक लाइट पेटलेली. स्कॅनर लावला की पी०६०१, पी०६०५ किंवा पी०६२एफ असा दोषाचा कोड. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिलं वाक्य निघतं ते "ईसीएम गेला, बदलावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणकाचा डबा. गाडीमालकाला तो खर्च ऐकून घाम फुटतो. खरं तर मेमरीचा कोड आला म्हणजे मेमरीच खराब झाली असं नसतं. चिपला मिळणारं व्होल्टेज डळमळलं, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी असलेला जोड) ढिला झाला किंवा लिहिणं चालू असताना करंट तुटला, तरी ईसीएम हाच कोड देतो. म्हणून आधी बॅटरीपासून ईसीएमच्या पिनपर्यंत तपासायचं, मग डबा उघडायचा, आणि चिपवर काही लिहायच्या आधी तिच्यातलं जे आहे ते वाचून जपून ठेवायचं. हा क्रम मोडल्यामुळे दुरुस्त होणारे कितीतरी ईसीएम भंगारात जातात.

कोड नेमका कशाबद्दल बोलतो

ईसीएममध्ये मेमरी एक नसते. फ्लॅशमध्ये इंजिन चालवायचा प्रोग्राम आणि इंधनाचे, टायमिंगचे तक्ते असतात. ईईप्रॉममध्ये त्या एका गाडीपुरती माहिती असते: इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या चावी-यंत्रणेचा) डेटा, चासी नंबर, डिझेलमध्ये इंजेक्टरचे कोड, काही शिकलेल्या किमती. रॅम म्हणजे चालू कामाची कच्ची वही. करंट गेला की कोरी. आणि बऱ्याच गाड्यांत रॅमचा एक कोपरा चावी बंद असतानाही बॅटरीच्या थेट करंटवर जागा राहतो.

त्यानुसार पी०६०१ म्हणजे चेकसम जुळला नाही. पी०६०२ म्हणजे प्रोग्रामिंग अर्धवट किंवा चुकीचं. पी०६०३ म्हणजे बॅटरीवर जागी राहणारी मेमरी पुसली गेली. पी०६०४ रॅमचा, पी०६०५ रॉमचा म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीचा, पी०६०६ प्रोसेसरचा आणि पी०६२एफ ईईप्रॉमचा.

चेकसम समजायला किराणा दुकानातली उधारीची वही डोळ्यासमोर आणा. पानावरचे सगळे आकडे आणि खाली बेरीज. चावी लावली की ईसीएम आकडे पुन्हा मिळवून पाहतो आणि खालच्या बेरजेशी ताडतो. एक आकडा जरी बदलला असेल तरी बेरीज चुकते. आकडा का बदलला, हे मात्र बेरीज सांगत नाही. चिप म्हातारी झाली, लिहिताना करंट तुटला, की कोणी ट्यूनिंगची फाइल बेरीज न सुधारता टाकली, हे आपण शोधायचं.

पी०६०३ एकटाच असेल तर डबा उघडायचा विचारही नको. बॅटरी नुकतीच काढली होती का, हे विचारा. ईसीएमला थेट करंट देणारा फ्यूज आणि त्याची वायर पाहा. बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं.

कोड पुसायच्या आधी

सगळ्या मॉड्यूलचे (गाडीतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक डब्याचे) कोड लिहून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. फ्रीझ फ्रेममध्ये कोड आला तेव्हाचं व्होल्टेज आणि तापमान मिळालं तर तेही लिहा. सोबत पी०५६२ म्हणजे कमी व्होल्टेजचा कोड असेल, किंवा एबीएस, एअरबॅग, मीटर अशा दोन-तीन मॉड्यूलनी एकाच वेळी व्होल्टेजची तक्रार केली असेल, तर संशयाची सुई बॅटरी, डायनेमो आणि अर्थकडे वळते.

स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर ओबीडी सॉकेटवर, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटवर, मीटर लावा. १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचं व्होल्टेज, ४ आणि ५ वर अर्थ. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ६ आणि १४ मधला रोध मोजा. कॅन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची लाइन. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून मीटरवर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाशी तार तुटलेली आहे, शून्याजवळ आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत सॉकेट आणि इंजिनची कॅन लाइन यांच्यामध्ये गेटवे (मधला दुवा असलेला मॉड्यूल) असतो. तिथे हा आकडा वेगळा येतो, म्हणून त्या गाडीचा वायरिंग नकाशा हाताशी असावा.

बॅटरी ते ईसीएमची पिन

या भागाला घाई करू नका.

गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.४ ला ती साधारण पाऊण भरलेली असते, १२ च्या खाली रिकामीच समजा. मीटर मिन-मॅक्सवर ठेवून सेल्फ मारा. व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी, केबल किंवा सेल्फ मोटर, यातलं एक काहीतरी थकलंय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७. मग मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायनेमोचा डायोड गेलाय. हा लहरता करंट ईसीएमच्या आतल्या ५ व्होल्टच्या पुरवठ्याला त्रास देतो, आणि नेमकं त्याच क्षणी ईईप्रॉममध्ये काही लिहिलं जात असेल तर ते चुकीचं लिहिलं जाऊ शकतं.

आता अर्थ. बीप वाजवून अर्थ तपासायची सवय मोडा. दहातल्या नऊ तारा तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली, तरी मीटर खणखणीत बीप देतो. भार असताना मोजायचं. मीटरची काळी दांडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल दांडी ईसीएमच्या अर्थ पिनवर मागच्या बाजूने. हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारा हीटर, सगळं चालू करा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थ साफ करायचा. असंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ईसीएमच्या पॉझिटिव्ह पिनपर्यंतही मोजा; तिथे फ्यूज आणि रिले मध्ये असल्यामुळे ०.२ पर्यंत चालतं. दुसरी सोपी परीक्षा: ईसीएमचं सॉकेट काढून त्याच्या पॉझिटिव्ह आणि अर्थ पिनांवर २१ वॉटचा बल्ब लावा. तो बॅटरीवर लावल्यासारखाच लख्ख पेटायला हवा. मिणमिणला तर वायरिंग दोषी. बल्ब लावताना टर्मिनल फाकवू नका; त्याच मापाची जुनी पिन वायरीला जोडून वापरा.

आपल्याकडे अर्थ खराब व्हायची कारणं ठरलेली आहेत. काळ्या मातीचा चिखल चासीवरच्या अर्थच्या बोल्टभोवती बसतो, वाळल्यावर दगडासारखा होतो आणि आत ओल धरून ठेवतो. बोल्ट पूर्ण खोला, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी नाही, आवळल्यानंतर.

सुगी आटोपली की शेतातले उंदीर आसरा शोधतात, आणि रात्री गरम इंजिनाजवळ त्यांना बरं वाटतं. कापसाचे पुंजके बॅटरीच्या ट्रेमध्ये दिसले तर त्या बाजूची सगळी वायरिंग उघडून पाहा. कुरतडलेली तार पिळून टेप मारलेली असेल तर तो जोड तोडा, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पिळलेला जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो.

ईसीएमचं सॉकेट काढल्यावर टॉर्च मारून एकेक पिन बघा. वॉशिंग सेंटरवर इंजिनावर जोरात पाणी मारलं की रबर सीलमधून थेंब आत जातो. पिनच्या मुळाशी आधी पांढुरकी पूड दिसते, मग मोरचुदासारखा हिरवा थर. तो कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने निघतो. पिन बारीक झाली असेल, किंवा टर्मिनल तिला घट्ट धरत नसेल, तर टर्मिनलच बदला.

मेमरी बिघडवणाऱ्या चार सवयी

चावी बंद केली की ईसीएम लगेच झोपत नाही. मेन रिले तो स्वतः धरून ठेवतो आणि शिकलेल्या किमती ईईप्रॉममध्ये उतरवतो. हे काम काही सेकंदांत होतं, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ लागतो. पिकअप आणि जीपला चोरीच्या भीतीने बॅटरी कट-ऑफचा खटका बसवलेला असतो. चावी काढली आणि लगेच खटका ओढला, की लिहिता लिहिता हात धरल्यासारखं होतं. गाडीमालकाला सांगा: चावी बंद केल्यावर एक-दोन मिनिटं थांब, मग खटका ओढ. बॅटरी काढतानाही हाच नियम.

दुसरी सवय, ट्रक किंवा टिपरवरून जंप लावायची. त्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ईसीएमच्या तोंडाशी असलेला संरक्षक डायोड तो झटका स्वतःवर घेऊन शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, पण कधी आतला रेग्युलेटरही जातो. १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालतो, तोही बंद ठेवून, आणि केबल उलटी न लावता.

तिसरी, टोइंग हुक किंवा कॅरियर वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचं सॉकेट न काढणं. चौथी, ट्रॅकर, म्युझिक सिस्टीम, हूटर यांची तार ईसीएमच्या पुरवठ्यातून ओढणं. ती आधी काढा, मग तपासणी पुढे न्या.

डबा उघडायचा कधी, आणि कधी नाही

पुरवठा, अर्थ, सॉकेट सगळं नीट आहे, कोड पुसून, चावी बंद करून पंधरा मिनिटांनी पुन्हा लावली आणि तोच कोड लगेच आला, तरच डबा काढायचा. त्याआधी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवून घ्या. इमोबिलायझरचा डेटा हाताळणारं काम आहे; गाडी कोणाची हे पक्कं ठाऊक असायला हवं.

टेबलावर १२ व्होल्टचा पुरवठा १ अँपिअरच्या मर्यादेवर लावा. कायमचा पॉझिटिव्ह, चावीचा पॉझिटिव्ह आणि अर्थ, एवढंच द्यायचं. मर्यादेवर लगेच धडकला तर संरक्षक डायोड किंवा एखादी ड्रायव्हर चिप (इंजेक्टर, रिले चालवणारी) शॉर्ट आहे. तो मीटरच्या डायोड मोडवर सापडतो. तसं नसेल तर बोर्डावर रेग्युलेटरनंतरचे ५ व्होल्ट मोजा. ४.९ ते ५.१ मध्ये स्थिर हवेत. हलत असतील तर मेमरीला दोष देऊ नका. शेजारचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहा. वर्षानुवर्षं तापून ते आतून सुकतात; वरून ठीकठाक दिसले तरी ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रोध मोजणारा) त्यांचं खरं रूप सांगतो.

दुपारीच येणाऱ्या दोषाची परीक्षा वेगळी. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा ४२-४३ वर असतो, बंद बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. चालू बोर्डावर हेअर ड्रायरने एकेका भागाला ६०-७० अंशांपर्यंत गरम करा. एका ठरावीक जागी संपर्क तुटला तर तिथल्या सोल्डरला तडा आहे. भिंगाखाली असा तडा पायाभोवती काळसर गोल रेघेसारखा दिसतो. फ्लक्स लावून, थोडं नवं सोल्डर देऊन तो जोड पुन्हा वितळवला की काम झालं, चिपला हात लावायची गरज नाही.

सिलिकॉनने चिकटवलेलं झाकण ८०-९० अंशांवर गरम करून पातळ पात्याने सगळ्या बाजूंनी सुटं करा. एका कोपऱ्यातून उचकटलं की बोर्ड वाकतो. आत पारदर्शक जेल आणि पांढरी सिरॅमिक पाटी दिसली तर तिथेच थांबा. त्या जेलखाली केसाहून बारीक ॲल्युमिनियमच्या तारा असतात. ब्रश लागला तरी तुटतात. असा डबा सोल्डरिंगने दुरुस्त होत नाही, त्याचा डेटा सॉकेटमधून वाचून दुसऱ्या डब्यात न्यावा लागतो.

वाचणं

ईईप्रॉम बहुतेक वेळा आठ पायांची असते: २४ मालिका, ९३ मालिका किंवा ९५ मालिका. नंबर नीट वाचा, कारण त्यांची पायरचना सारखी नाही. २४ आणि ९५ मध्ये अर्थ ४ नंबरला असतो, ९३ मध्ये ५ नंबरला. काही ९३ चिपांची रचना तर ९० अंशांत फिरवलेली असते. शिवाय ९३ मालिका ८ बिट किंवा १६ बिट पद्धतीने वाचता येते. चुकीची निवडली तर बाइटच्या जोड्या उलट्या येतात आणि चांगली फाइल खराब वाटते. फाइलचा आकारही ताडून घ्या: २४सी०२ म्हणजे २५६ बाइट, ९३सी६६ म्हणजे ५१२, ९५१६० म्हणजे २०४८, ९५३२० म्हणजे ४०९६.

क्लिप लावून बोर्डावरच वाचण्याचा मोह होतो. पण क्लिपमधून दिलेला करंट चिपपुरता राहत नाही, अख्ख्या बोर्डाला जागं करतो. प्रोसेसर त्याच तारांवर बोलायला लागतो आणि वाचन बिघडतं. क्लिपने वाचायचंच असेल तर तीन वेळा वाचा आणि तिन्ही फाइल ताडून पाहा. तिन्ही एकसारख्या आल्या तर पुढे चला. वेगवेगळ्या आल्या तर चिप काढून अडॅप्टरमध्ये वाचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत एफएफ किंवा ०० दिसलं तर आधी क्लिप नीट बसली नाही असं समजा. चिप कोरी झाली हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी. स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) वापरत असाल तर लक्षात ठेवा की त्याच्या काळ्या बोर्डाच्या डेटा तारांवर ५ व्होल्ट येतात. ५ व्होल्टच्या ईईप्रॉमला ते चालतं, ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला नाही.

मूळ फाइल चासी नंबर आणि तारीख घालून दोन ठिकाणी ठेवा. ती कितीही बिघडलेली असो, पुसायची नाही. तिच्यातला इमोबिलायझरचा तुकडा शाबूत असेल तर पुढचं निम्मं काम वाचतं.

फाइल हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडल्यावर उजव्या रकान्यात अनेक गाड्यांत चासी नंबर सरळ वाचता येतो. महत्त्वाचे भाग बऱ्याच ईसीएममध्ये दोन-दोनदा लिहिलेले असतात, प्रत्येकाला आपला चेकसम. एक प्रत बिघडली आणि दुसरी नीट असेल तर नीट प्रत बिघडलेलीच्या जागी उतरवता येते. दोन्ही गेल्या असतील तर त्याच हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबरच्या गाडीची फाइल आधाराला घ्यावी लागते. तिच्यासोबत त्या गाडीचा इमोबिलायझर आणि इंजेक्टर कोडही येतात, म्हणून ते पुन्हा जुळवायचे. या फाइलमध्ये किलोमीटरचा आकडा सापडला तर त्याला हात लावू नका. तो बदलणं ही पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

चिप बदलणं

पावसाळ्यात बोर्डाने ओल धरलेली असते. हॉट एअर मारण्याआधी ८०-९० अंशांवर तीन-चार तास सुकवा, नाहीतर थर सुटून बोर्ड फुगतो. लेपाचा पातळ थर पायांवरून खरवडून ९९ टक्क्यांच्या आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. चिपचा ठिपका कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या.

कंपनीचं शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या वर वितळतं, ६३/३७ चं १८३ ला. म्हणून आधी पायांवर फ्लक्स आणि शिशाचं सोल्डर भरून मिश्रण मऊ करा. खालून १००-१२० अंशांची प्लेट, वरून ३५० च्या आसपास हवा, भोवतीच्या भागांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी). चिप तरंगायला लागली की चिमट्याने उचला. ओढली तर पॅड (पाय सोल्डर होतो ती बोर्डावरची टिकली) उखडतो. मागे ॲल्युमिनियमची पाटी असेल तर ती उष्णता खाते, तिथे खालची प्लेट हवीच.

नवी चिप त्याच नंबरची आणि १२५ अंशांपर्यंत चालणारी घ्या. ८५ अंशांची चिप टेबलावर उत्तम चालते आणि मे महिन्यात बॉनेटखाली पुन्हा तोच कोड देते. जुन्या बोर्डावरून काढलेली, पाय सरळ करून विकलेली चिपही टाळा. बसवण्याआधी अडॅप्टरमध्येच फाइल लिहा, व्हेरिफाय करा, काढून पुन्हा वाचा आणि ताडा. सोल्डर झाल्यावर शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना हे मीटरने पाहा, फ्लक्स पूर्ण धुवा, ॲक्रिलिक लेपाचा हात द्या.

फ्लॅश लिहायची वेळ आली तर

पी०६०१, पी०६०२ किंवा पी०६०५ पुरवठा सुधारूनही राहिला आणि ईईप्रॉम ठीक असेल, तर प्रोग्राम पुन्हा लिहावा लागतो. डब्यावरच्या लेबलाचा हार्डवेअर नंबर आणि ईसीएममधून वाचलेला सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळणारीच फाइल. नुसतं मॉडेल आणि साल जुळून भागत नाही.

लिहिताना व्होल्टेज १३.५ च्या आसपास स्थिर ठेवणारा पुरवठा लागतो. साध्या चार्जरचा लहरता करंट चालत नाही. आपल्याकडे लोडशेडिंग आणि फेज जाणं रोजचं आहे, त्यामुळे तो पुरवठा आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा, हेडलाइट-ब्लोअर बंद. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लिहिण्यासाठी वापरू नका. मध्येच तुटलं तर घाबरून बॅटरी काढू नका; बऱ्याच ईसीएममधला बूटचा भाग शाबूत असतो आणि त्यातून पुन्हा लिहिता येतं. तेही जमलं नाही तर डबा उघडून बूट मोडमधून, म्हणजे बोर्डावरून थेट प्रोसेसरशी जोडून, लिहायचं.

पी०६०४ आणि पी०६०६ पुन्हा पुन्हा येत असतील तर नव्या पिढीच्या ईसीएममध्ये दोष बहुधा प्रोसेसरच्या आत असतो, कारण रॅम आणि फ्लॅश त्याच एका तुकड्यात असतात. तो प्रोसेसर बदलण्यापेक्षा त्याच नंबरचा दुसरा डबा घेऊन फ्लॅश आणि ईईप्रॉम दोन्ही त्यात उतरवणं शहाणपणाचं. अर्धीच फाइल उतरवली तर गाडी एक-दोन सेकंद चालून बंद पडते. तो इमोबिलायझरचा नकार असतो.

बसवल्यावर

झाकण न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं. ते २४ तास सुकू द्या. डबा बसवून कोड पुसा, चावी ऑन करून इंजेक्टरवर छापलेले कोड स्कॅनरमधल्या कोडांशी एकेक करून ताडा, थ्रॉटलचं लर्निंग करा. मग चावी बंद, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा चालू. असं पाच-सहा वेळा. शेवटची फेरी भर दुपारी काढा: गाडी उन्हात तासभर उभी ठेवून सेल्फ मारा, एसी लावून वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि परत आल्यावर प्रलंबित कोडही तपासा. काही कोड दोन फेऱ्यांनंतरच चेक लाइट पेटवतात, म्हणून दोन दिवसांनी गाडी एकदा परत बोलवा आणि स्कॅनर पुन्हा लावा.